गांगुर्डे मिस्त्री आणि आहेर काकूंचा बर्फ

गांगुर्डे मिस्त्रींनी माझ्या पत्रकातला एक शब्द खोडला, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

आमचा सहा-सात जणांचा गट होता. फ्रीज, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्या सुटे भाग बाहेर विकत नाहीत, दुरुस्तीची माहिती कुणाला देत नाहीत आणि लोकांना नवी वस्तू घ्यायला भाग पाडतात, याविरुद्ध आम्ही सह्या गोळा करत होतो. मला वाटलं, सगळ्यात आधी सही करतील ते मिस्त्री लोक. पोटावर पाय त्यांच्याच येतोय! म्हणून गठ्ठा घेऊन सातपूरच्या कारखान्यांच्या भागात गेले. लेथच्या दुकानांच्या रांगेत शेवटचं दुकान गांगुर्डे मिस्त्रींचं. बाहेर दारं काढलेले फ्रीज उभे, आत एक स्टूल, स्टुलावर मिस्त्री. किरकोळ अंगाचा, साठीकडे झुकलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेन, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा.

त्यांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमचं पत्रक कुणी दोनदा वाचलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी खूश. तेवढ्यात त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हे 'जाणूनबुजून' लिहिलंय. कसं कळलं?"

"म्हणजे?"

"कंपनी जाणूनबुजून लवकर बिघडणारा माल बनवती, असं लिहिलंय तुम्ही. जाणूनबुजून, हे कसं कळलं? बघितलं का?"

मी त्यांना नफा, बाजार, ग्राहकाची लूट असं सगळं ऐकवलं. भाषण मला पाठ होतं. त्यांनी ते मान हलवत, मनापासून ऐकलं.

"आसंल. आसंलही तसं," ते म्हणाले. "पण बघितलं नाय ना?"

मग खिशातलं पेन काढून त्यांनी त्या शब्दावर रेघ मारली आणि खाली सही केली. "सुटे भाग देत नाहीत, हे मी बघितलंय. रोज बघतो. ह्याच्यावर माझी सही."

माझी सह्यांची पहिलीच प्रत अशी विद्रूप झाली. चळवळीत असे शब्दांचा कीस काढणारे लोक असतात, ते काम पुढे जाऊ देत नाहीत, असं मी त्याच दिवशी गटातल्या सगळ्यांना सांगून टाकलं. पण पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात गेले. का गेले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. हा माणूस काम कसं करतो ते मला बघायचं होतं.

तर ते काम असं करायचे. कुणाच्या घरी गेले की हत्यारांची पेटी दारात, चपलांशेजारी ठेवायचे आणि मोकळ्या हातांनी आत जायचे. "आधी बघू द्या," म्हणायचे आणि फ्रीजसमोर मांडी घालून बसायचे. दहा मिनिटं, वीस मिनिटं. घरातली माणसं अस्वस्थ व्हायची. "मिस्त्री, उघडा की," असं कुणी म्हटलं तर मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "उघडला की तो बदलतो. आत्ता कसा हाय ते मंग कोण सांगणार?" मग घरातल्या एकेकाला विचारणं. बहुतेक जण आपलं मत सांगायचे. गॅस संपला असेल, कॉम्प्रेसर गेला असेल. मिस्त्री हात वर करायचे. "वाटतं ते ऱ्हाऊ द्या बाजूला. बघितलं काय?"

दाराचं रबर नीट बसतं की नाही हे बघायला ते दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायचे. पट्टी अडली तर रबर चांगलं, सुळकन निघाली तर तिथून हवा जाते. एकदा पाहिलं तर त्या पट्ट्या आमच्याच पत्रकाच्या होत्या.

"मिस्त्री! हे वाटायला दिले होते!"

"वाटतोय की. घरोघर जातंय. कागद लय भारी हाय ताई तुमचा, जाड. दुसरा फाटतो."



सातपूरच्या एका मेसवाल्याची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. त्याच्या मोठ्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आठवड्याला बर्फाची भिंत चढायची. दोन मेकॅनिक झाले होते. मिस्त्री एप्रिलच्या दुपारी तिथे जाऊन उलट्या क्रेटवर बसले. एका खिशात ज्वारीचे दाणे. फ्रीजचं दार उघडलं की एक दाणा या खिशातून त्या खिशात. मालक माझ्या कानाशी लागला, "ह्यांचं डोकं बरंय ना?" शिफ्ट सुटली, कामगार जेवायला आले आणि दाणे धडाधड पलीकडे जायला लागले. मला वाटलं होतं, दार सारखं आचारीच उघडत असेल, पण आचारी तर चुलीशीच होता! भट्टीवरून आलेली माणसं हात धुवायची आणि फ्रीजचं दार उघडून नुसती उभी राहायची. तोंड आत घालून, डोळे मिटून. एक हटला की दुसरा.

मिस्त्रींनी मालकाला बोलावलं. "फ्रीजला काय बी झालेलं नाय. तिथं भिंतीवर पंखा लावा."

"पंख्याचा काय संबंध?"

"लावा तर खरं."

मी त्याच रात्री 'तापलेल्या कामगाराला पंखाही नाही' असं पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं होईपर्यंत तिथे पंखा लागला. मला थोडं फसवल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

आता आहेर काकूंचं सांगते.

इंदिरानगरला आमच्या वरच्या मजल्यावर आहेर काका-काकू राहतात. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मूत्रपिंडं गेल्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसभरात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं मिळून एक लिटर, त्यापुढे पाणी नाही. तहान मात्र चोवीस तास. बर्फाचा खडा तोंडात धरला तर थोड्या पाण्यात बराच वेळ घसा ओला राहतो, असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मुलानं बंगलोरहून मोठा फ्रीज पाठवला. नळाचं पाणी पातळ नळीनं थेट आत येतं, आपोआप साच्यात भरतं, आणि अर्धचंद्रासारखे छोटे खडे खालच्या डब्यात पडतात. काकूंनी एक खडा वितळवून पाणी मोजलं, हिशेब केला आणि ठरवलं, दिवसाला बारा.

ते यंत्र सारखं गोठायला लागलं. पाणी आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशीच बर्फाचं बूच बसायचं आणि पुढे खडे बंद.

साध्या साच्यात बर्फ लावा की, असं मीही म्हटलं होतं. काकूंनी सुया टोचून गाठाळलेला डावा हात पुढे केला. "ह्या हातानं साचा पिळायचा नाही, अशी ताकीद आहे. मग प्रत्येक खड्याला ह्यांना हाक मारायची. माझ्या वर्गातली पोरं 'बाई, जाऊ का' विचारायची ना, तसं वाटतं गं. तहान माझी, आणि परवानगी दुसऱ्याची?"

एकदा काका भाजीला गेले असताना डबा रिकामा होता. काकूंनी दोन तांबे पाणी एका दमात पिऊन टाकलं. संध्याकाळपर्यंत पाय सुजले, धाप लागली, रिक्षानं दवाखाना गाठावा लागला.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्यानं केस वाळवायच्या यंत्रानं बूच वितळवलं. दुसऱ्यांदा पाणी सोडणारा वॉल्व्ह बदलला. तिसऱ्यांदा बर्फाचं अख्खं यंत्र बदललं. दर वेळी आठवडा-दहा दिवसांत पुन्हा बूच. चौथ्यांदा फोनवरच उत्तर आलं, तुमचं पाणी खराब आहे.

माझा संताप झाला. मी पत्रक लिहिलं, मथळा 'रुग्णाच्या तोंडचा बर्फ पळवणारी कंपनी'. पाचशे प्रती छापल्या. सोमवारी सर्व्हिस सेंटरसमोर उभं राहायचं ठरलं. रविवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन आले. खरं सांगते, मला दुरुस्ती नको होती. साक्षीदार हवा होता.

पेटी चपलांशेजारी राहिली. मिस्त्री फ्रीजसमोर बसले. आरसा आत घालून, टॉर्च मारून त्यांनी बूच पाहिलं आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं ते सोडवलं. नळीखाली स्टीलची वाटी धरली आणि यंत्राचं चाचणीचं बटण दाबलं. आत पाणी आलं, पण कसं, म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तसं. थांबलं. मिस्त्री उठले नाहीत. वाटीकडे बघत राहिले. टप्प. बऱ्याच वेळानं पुन्हा, टप्प.

"वॉल्व्ह नवा ना?"

"दोन महिन्यांचा," काका म्हणाले.

"नवा हाय आन् गळतोय."

"बघा!" मी म्हणाले. "म्हणजे नवा पार्टसुद्धा भंगार टाकला!"

"कसं कळलं?"

त्यांनी काकूंकडे मोर्चा वळवला. "काकू, तुम्ही काय बघितलं?"

काकू हॉलमधल्या आरामखुर्चीतून म्हणाल्या, "कंपनीचा माणूस येऊन गेला की दोन दिवस खडे अगदी भरलेले असतात. तिसऱ्या दिवसापासून एकदम निम्मे. मग मी बाराऐवजी वीस-बावीस घेते, पाणी तेवढंच. आणि आठवड्यानं सगळंच बंद. तीनही वेळा असंच झालं."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. चांगला विद्यार्थी सापडल्यावर मास्तरांचा होतो तसा. "हे त्या लोकांना सांगितलं का?"

"कुणी विचारलंच नाही."

"तिसऱ्या दिवशी," मिस्त्री पुटपुटले. "तिसऱ्या दिवशी काय होतं?"

विचार करतच ते सिंकपाशी हात धुवायला गेले. नळ सोडला, साबण लावला. मागून आहेर काकांचा हात आला आणि त्यानं नळ फिरवून धार करंगळीएवढी केली. काका बोलणं माझ्याशी करत होते. आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या घरात इतकी वर्षं जाणारी मी, मी तो हात शंभरदा पाहिला असेल. मिस्त्रींचे फेसाळलेले हात तसेच थांबले.

"दादा, गाव कोणतं तुमचं?"

"चांदवडकडचं."

"मी बी तिकडचाच! तुमच्याकडं पाणी कसं हो?"

"कसं म्हणजे," काकांची शहरी बोली बघता बघता सैल झाली, "उन्हाळ्यात हिरीत उतरायला लागायचं. आई तळाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायची. मी दोर धरून वर. सांडलं तर मार."

"आमच्याकडं बी वाटीच. माझी बहीण उतरायची."

"आता इथं चोवीस तास नळ हाय. पण मोठी धार बघितली का अजून तो मार आठवतो, खरं सांगतो."

"मला बी," मिस्त्री म्हणाले. मग ते खाली बसले आणि सिंकखालच्या कपाटात टॉर्च मारला. फ्रीजच्या नळीला जोडलेला छोटा कॉक तिथे होता. "दादा, हा तुम्ही बारीक केलाय?"

"मीच," काका अभिमानानं म्हणाले. "ते कंपनीचे लोक दर वेळी सताड उघडा टाकून जातेत. बेजबाबदार! दोन-तीन दिवसांनी मी खालचं पुसायला बसतो तेव्हा बारीक करतो. एवढ्याशा बर्फाला किती पाणी लागतंय?"

मी दारात उभी होते. माझ्या पिशवीत पाचशे प्रती होत्या.

मिस्त्रींनी कॉक पूर्ण उघडला, वाटी रिकामी करून नळीखाली धरली, बटण दाबलं. पाणी जोरात आलं आणि खट्‌कन थांबलं. आम्ही सगळे वाटीकडे बघत राहिलो. एक थेंब नाही. मग त्यांनी कॉक काकांच्या मापाएवढा बारीक केला आणि पुन्हा बटण दाबलं. रडतखडत पाणी आलं, थांबलं, आणि टप्प. टप्प.

"ह्या वॉल्व्हचं दार पाण्याच्याच रेट्यानं लागतं, दादा," ते अगदी हळू म्हणाले. "बारीक धारेला रेटा नाय. दार पुरतं लागत नाय. थेंब गळतो, नळीत बसतो, गोठतो. आठ दिवसांत बूच."

काका वाटीकडे बघत होते. त्या रिक्षातल्या संध्याकाळी काकूंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, हे मला माहीत होतं.

"काय निघालं हो मिस्त्री?" हॉलमधून काकूंनी विचारलं.

मला वाटलं, आता हा माणूस सत्य सांगणार. न पाहिलेलं न बोलणारा माणूस, पाहिलेलं कसं गिळेल? मिस्त्रींनी काकांकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "वॉल्व्हला पाणी कमी पडत होतं, काकू."

हे खरंच होतं. मी त्या क्षणापर्यंत समजत होते की खरं हे ओरडूनच सांगावं लागतं.

काका हात पुसत हॉलमध्ये गेले आणि काकूंसमोर उभे राहिले. "मीच कॉक बारीक करत होतो, गं. दर वेळी. त्यांनी नीट केलं का मी बारीक करायचो."

काकूंनी मनात तारखा जुळवल्या असाव्यात. तिसरा दिवस, तीनदा.

"लग्न झाल्यापासून माझ्या अंघोळीची धार बारीक करत आलात," त्या म्हणाल्या. "भांडी घासताना, केस धुताना. कधी बोलले का मी?" आणि मग, काकांचं तोंड बघून, "आता ही एक तरी मोठी राहू द्या की हो. आणि बसा, असे वर्गाबाहेर उभं केल्यासारखे उभे राहू नका."

काका बसले नाहीत. स्वयंपाकघरात परत येऊन मिस्त्रींना म्हणाले, "तेवढी कॉकची चावी काढून न्या. माझा हात ऐकणार नाय."

"नको. कधी नळी फुटली तर बंद कशानं करणार? ऐकंल हात. कशासाठी ते कळलंय ना आता त्याला."

पहिला खडा पडेपर्यंत मिस्त्री जाणार नव्हते. दोन तास आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी शेवटी न राहवून विचारलं, "म्हणजे कंपनीला सोडून द्यायचं?"

"कोण म्हणतं? चांगला वॉल्व्ह काढला, चांगलं यंत्र काढलं, आन् पेशंटला एक प्रश्न नाय विचारला. तीनदा. हे लिहा. हे काकूंनी बघितलंय, दादांनी बघितलंय. त्यांच्या सह्या घ्या."

"आणि ह्या पाचशे?"

त्यांनी एक प्रत हातात घेऊन बोटांनी चाचपली. "दाराच्या रबराला चालतील."

मी सोमवारी गेले नाही. गुरुवारी गेले, नवीन पत्रक घेऊन. त्यात विशेषणं नव्हती. तीन भेटींच्या तारखा, काय बदललं, काय विचारलं नाही, एवढंच. सेंटरच्या मॅनेजरनं ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

त्याच वर्षी मिस्त्री गेले. झोपेतच, असं शेजारच्या लेथवाल्यानं सांगितलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र सातपूरला नाही, आहेर काकूंकडेच.

दुरुस्तीला आठ दिवस झाले त्या दुपारी ते न बोलावता आले. पेटी आणलीच नव्हती. फ्रीज उघडून त्यांनी नळीच्या तोंडाला बोट लावलं, ते कोरडं होतं. खालचा डबा भरलेला. काका सिंकपासून लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडे बघून फक्त हसले. निघता निघता ते काकूंच्या खुर्चीपाशी थांबले.

"काकू, एक विचारू? एक खडा तोंडात किती वेळ पुरतो?"

"चावला नाही तर पुष्कळ. घेऊन बघता का?"

काकू उठल्या, स्वतः फ्रीजपर्यंत गेल्या आणि दोन खडे घेऊन आल्या. एक त्यांना दिला, एक स्वतःच्या तोंडात ठेवला. मी शेजारी होते, मला काही विचारायचं होतं, पण दोघांचीही तोंडं बंद होती. मिस्त्री शेजारच्या खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. गाल फुगलेला, मनगट डोळ्यांसमोर धरलेलं, नजर सेकंदकाट्यावर. काकू त्यांच्याकडे मिश्कीलपणे बघत होत्या. एकदा मिस्त्रींनी जबडा हलवला, तर काकूंनी बोट उगारून दटावलं, चावायचा नाही.

मी खाली निघून आले, तेव्हा दोघांचाही खडा संपलेला नव्हता.